सहापेक्षा दहा मोठे

सोमवार, ३ जून

मामा,

वर आधी ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं होतं. मग वाटलं, सहा वर्षांनी आलेलं पहिलं पत्र, त्यात असलं काही वाचून तुला वाटायचं की दुसऱ्याच कुणाचं टपाल आलंय. मी तुला जन्मात तीर्थस्वरूप म्हटलेलं नाही. म्हणून कागद बदलला. मी भिंगरी. तुझ्या ताईची एकुलती एक.

फोन तू उचलत नाहीस, आणि तिसऱ्या वर्षानंतर मीही करायची थांबले. पत्ता रक्तपेढीतल्या मोठ्या सिस्टरांनी दिला. त्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या. कपाट रिकामं करताना तू त्यांना पाठवलेली नव्या वर्षाची कार्डं निघाली. एक नाही, चांगली पाच! मला बघून त्यांनी ती घाईघाईनं पिशवीत कोंबली, आणि मग स्वतःच म्हणाल्या, “घे बाई पत्ता लिहून. माझ्याकडून मिळाला म्हणून सांगू नकोस.” बघ, सांगितलं.

मी अजून रक्तपेढीतच आहे. तूच माझ्यासाठी शब्द टाकला होतास, त्याच खुर्चीवर. फक्त टेबल आता खिडकीजवळ आलंय. रक्त द्यायला येणाऱ्यांच्या खोलीला फिका हिरवा रंग दिलाय. बिस्किटं मात्र तीच, दाताची परीक्षा घेणारी.

सध्या मोठं काम चाललंय. कोपऱ्यातला जुना संगणक काढून टाकायचाय आणि त्याच्यावरच्या सगळ्या स्क्रिप्ट नव्यावर न्यायच्यात. तुला मागे एकदा समजावलं होतं, स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. हे कर, मग ते बघ, असं असेल तर अमुक कर, नसेल तर पुढे जा. एकवीस याद्या आहेत. बहुतेक मीच लिहिलेल्या, नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षात. मामा, काय लिहून ठेवलंय मी! स्वतःचं अक्षर बघून माणूस लाजतो तशी लाजतेय.

‘असं असेल तर’ या शब्दांपाशीच सगळा घोळ. एके ठिकाणी मी कंसाला आकडा चिकटवून लिहिलाय. या भाषेत कंसाच्या आत दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, नाहीतर संगणक म्हणतो, असल्या नावाचं काम मला येत नाही. दुसऱ्या ठिकाणची गंमत ऐक. रक्ताची पिशवी पस्तीस दिवसांपेक्षा जुनी आहे का, हे बघायला मी शाळेतलं ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह टाकलं. त्या जागी त्या चिन्हाचा अर्थच वेगळा होतो: पुढे जे नाव येईल त्या नावाची फाइल कर. झालं! संगणकानं इमानेइतबारे ‘३५’ नावाची रिकामी फाइल केली, आणि तपासायचं सोडून सगळ्याच पिशव्यांना ‘जुनी’ ठरवलं. आमचे लोक इतकी वर्षं ती यादी घेत होते, बाजूला ठेवत होते आणि पिशव्या हातानं बघत होते. विचारलं तर म्हणतात, “आम्हाला वाटलं यादी अशीच असते.”

एकेक दुरुस्त करतेय. फार बरं वाटतं मामा. शिवण उसवून परत घालताना आईला जसं वाटत असेल, तसं.

आई बरी आहे. शिवणकाम कमी केलंय, बोलणं नाही. तिला हे पत्र माहीत नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण लिहीन मी.

भिंगरी


बुधवार, १२ जून

मामा,

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण खरं तेही लिहिलं नाही. एवढ्या उत्साहानं कंस आणि फायली सांगत बसले, कारण जे सांगायचं होतं तिथे हात जात नव्हता. ते मला ३ जूनच्या आधीच कळलं होतं. पत्ता मागायला सिस्टरांच्या घरी मी त्याच्यासाठीच गेले. कार्डं दिसली वगैरे मार्चमधलं, ते खरं. पण तेव्हा पत्ता लिहून घेतला नव्हता मी. “राहू दे” म्हणाले होते.

आता सांगते. त्या रविवारबद्दल आहे. हवं तर इथेच कागद घडी करून ठेव.

रक्त ठेवायच्या फ्रिजची स्वतःची घंटा केव्हाच मेली होती, म्हणून मी जोडून दिली होती ती घंटा तुला आठवते. दर पाच मिनिटांनी आतलं तापमान वाचायचं, सहा अंशांच्या वर गेलं असेल तर घंटा वाजवायची, खाली आलं की बंद करायची. आणि भिंतीवरचं बटण दाबलं तरी बंद करायची. सोपं काम.

त्या दुपारी फ्रिजचं यंत्र बंद पडलं. तापमान चढत गेलं. घंटा वाजली, पंधरा मिनिटं वाजली आणि थांबली. संध्याकाळी सहाला पाळी बदलली तेव्हा आत सतरा अंश होतं आणि चौसष्ट पिशव्या वाया गेल्या होत्या. तू म्हणालास, “रक्त द्यायला आलेली मुलगी चक्कर येऊन पडली होती, मी तिचे पाय वर धरून बसलो होतो. उठणार एवढ्यात घंटा आपोआप थांबली. मला वाटलं, मघाशी दार उघडलं होतं म्हणून वाजली, आता थंड झालं.” चौकशीत म्हणाले, घंटा आपोआप कशी थांबेल? तापमान तर चढतच होतं. म्हणजे कुणीतरी बटण दाबलं. आणि पेढीत तू एकटा होतास.

मामा, घंटा आपोआपच थांबली होती.

मी परत तेच चिन्ह टाकलं होतं, पण इथे दुहेरी कंसात. दुहेरी कंसात ते चिन्ह फाइल करत नाही, तुलना करते. पण आकड्यांची नाही, अक्षरांची. शब्दकोशात शब्द लावतात तशी. पहिलं अक्षर बघायचं, त्यावरून मागे-पुढे ठरवायचं. सात, आठ, नऊ सहाच्या पुढे येतात, म्हणून घंटा वाजली. मग तापमान दहा झालं. दहाचं पहिलं अक्षर एक. एक सहाच्या अलीकडे. संगणकाच्या हिशेबी दहा सहापेक्षा लहान, म्हणून त्यानं घंटा बंद केली. अकरा लहान, बारा लहान, सतरासुद्धा लहान. फ्रिज जितका तापला तितका तो गप्प बसला.

त्या रविवारची नोंद अजून जुन्या संगणकात आहे. दुपारी दोन दहाला सात अंश, घंटा सुरू. दोन पंधराला आठ. दोन वीसला नऊ. दोन पंचवीसला दहा, घंटा बंद. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही.

पत्र इथे थांबवते. पुढचं लिहायला अजून थोडा धीर लागणार आहे.

भिंगरी


रविवार, १६ जून

मामा,

तुझं उत्तर नाही. तू ते कसं वाचलंस, वाचलंस की नाही, काही कळत नाही. तरी राहिलेलं लिहिते, कारण अर्धं सांगून बसणं हे मला पूर्ण गप्प बसण्यापेक्षा वाईट वाटायला लागलंय.

चौकशीत पेढीच्या प्रमुख मोठ्या बाईंनी मला विचारलं होतं, “तुमची स्क्रिप्ट नीट आहे ना? तपासलीत?” मी म्हणाले, “तपासली. चोख आहे.”

मी काय तपासलं होतं ठाऊक आहे? फ्रिजचं दार उघडं ठेवून उभी राहिले, सात झालं, घंटा वाजली, दार लावलं. एवढंच. नोकरीला लागले तेव्हाही अशीच परीक्षा घेतली होती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तू सगळ्यात मोठ्यानं. स्क्रिप्टची फाइल मी त्या आठवड्यात उघडलीच नाही.

विसरले नव्हते मी. तू ‘आपोआप थांबली’ म्हणालास तेव्हा मला माझीच स्क्रिप्ट आठवली होती. मला दोनदा वाटलं, उघडून वाचावी. दोन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी काढून बसले. बावीस वर्षांची होते, पहिली नोकरी, तीही मामानं लावलेली. चूक माझी निघाली तर तुझंच नाव खराब होईल, असं मी स्वतःला सांगितलं. बघ ना, कसा सोयीचा विचार! आणि मग तू राजीनामा दिलास, घर सोडलंस, आणि माझ्यासाठी ती फाइल उघडणं आणखीच अवघड होऊन बसलं. नवा फ्रिज आला, त्याला स्वतःची घंटा होती. माझी स्क्रिप्ट नुसती नोंदी लिहीत राहिली. कुणाला काही खुपलं नाही.

हे तुला सांगितल्यावर मला हलकं वाटायला नको होतं. पण वाटतंय. आज सकाळी खिडक्या पुसल्या, सगळ्या.

उद्या बाईंना सांगणार आहे. तू आधी कळवशील म्हणून थांबले होते, पण ते तुझ्यावर ढकलणं झालं.

भिंगरी


मंगळवार, १८ जून

मामा,

सांगितलं!

काल बाई दौऱ्यावर होत्या, म्हणून आज सकाळी. मी तिन्ही कागद घेऊन गेले: स्क्रिप्ट, तापमानाची नोंद, घंटेची नोंद. त्यांनी चष्मा वर ढकलून वाचलं आणि म्हणाल्या, “मला संगणकातलं कळत नाही. दाखवा.”

मग जुना संगणक, जुनी घंटा आणि एक काचेचा ग्लास. ग्लासात बर्फाचं पाणी, त्यात तापमान मोजायची तार. मी हळूहळू कोमट पाणी ओतत गेले आणि दर वेळी स्क्रिप्ट हातानं चालवली. तीन तंत्रज्ञ, बाई आणि झाडू हातात घेऊन मावशी, सगळे भोवती. सातला घंटा वाजली. आठला वाजत होती. नऊला वाजत होती. दहा झाले आणि घंटा गप्प.

बाई म्हणाल्या, “परत करा.” परत केलं. तेच. “परत.” तिसऱ्यांदा दहाला घंटा थांबली तेव्हा त्या तिथल्या स्टुलावर बसल्या.

मावशी म्हणाल्या, “म्हणजे ते खरं बोलत होते.”

मग मी सगळ्यांसमोर ती ओळ बदलली. चिन्ह खोडलं, त्याच्या जागी एक आडवी रेघ आणि दोन अक्षरं. आकडे आकड्यांसारखे मोज, एवढाच त्याचा अर्थ. सहा वर्षं, मामा, आणि दुरुस्तीला अर्धं मिनिट. परत पाणी ओतलं. दहाला वाजली. बाराला वाजली. वीसला वाजली. कुणाला ती बंद करायचं सुचलंच नाही. एवढी वाजली की पलीकडच्या खोलीतून रक्त देऊन उठलेले एक आजोबा दंडावर कापूस दाबून बघायला आले, “काही पेटलं का?” म्हणून.

मी बाईंना म्हणाले, “चूक माझी आहे. आणि तपासलं म्हणाले ते खोटं होतं.”

त्यांनी तिन्ही कागद एकावर एक नीट लावले. मग म्हणाल्या, “तुमची चूक तुम्ही लिहून द्या. पण चौकशीच्या कागदावर सही माझी आहे. पंधरा वर्षं ज्या माणसाच्या हातातून पिशवी घेताना मी लेबल दुसऱ्यांदा बघितलं नाही, त्याला मी खोटारडा ठरवलं. आणि ठरवून दुपारी वेळेवर जेवले.”

मला लेखी समज मिळणार आहे. मिळू दे. इथून पुढे मी लिहिलेलं काहीही दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय आणि टोकाच्या आकड्यांवर चालवून बघितल्याशिवाय वापरायचं नाही, असा नियम झालाय. हा नियम मीच मागितला. जेवायच्या सुट्टीत मी डबा चाटूनपुसून संपवला. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

आता आई राहिली.

भिंगरी


शनिवार, २२ जून

मामा,

आईला बुधवारी सांगितलं. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं होतं, म्हणजे तिला पळता येणार नव्हतं आणि मलाही.

सगळं ऐकून तिनं घडी पूर्ण केली. दुसरी चादर घेतली. तिचीही केली. मग म्हणाली, “मी त्याला काय म्हणाले होते, आठवतंय तुला?”

मी म्हणाले, “हो.”

“निदान माझ्यासमोर तरी खोटं बोलू नकोस, असं म्हणाले मी त्याला. या इथे, दारात उभं राहून. त्यानं चप्पल घातली होती, तरी थांबला होता. मी पुढे काही बोलेन म्हणून थांबला होता गं तो.”

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. “मीठ दे.” “दिवा घालव.” तुला तिचा राग माहीत आहे, भांडण परवडतं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र स्वतःच येऊन बसली आणि म्हणाली, “ती ओळ दाखव मला.”

मी छापलेला कागद दाखवला. तिनं बोट ठेवून वाचला.

“माप घ्यायच्या टेपवर दहा सहाच्या पुढेच असतो. ह्याला टेप दिसत नाही का?”

“दिसत नाही. तो अक्षरं बघतो.”

“मग त्याला सांगायचं ना, टेप बघ म्हणून.”

“तेच सांगायला विसरले आई.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “बटण उलट्या बाजूला लावलेले सदरे मीही दिलेत गिऱ्हाइकांना,” ती म्हणाली. “पण गिऱ्हाईक परत आलं की मी सदरा हातात घेऊन बघते. तू बघितलंच नाहीस. ते मला जास्त लागलं.” मग माझ्या डोक्यावर एक टपली मारली, लहानपणी मारायची तशी, आणि स्वयंपाकघरात गेली. आतून म्हणाली, “त्याला लिहिलंस का?”

“चार पत्रं.”

“उत्तर?”

“नाही.”

“येईल,” ती म्हणाली. आणि वर, “नाही आलं तरी लिहीत राहा.”

भिंगरी


सोमवार, १ जुलै

मामा,

आलं! शनिवारी दुपारी आलं. पोस्टमन काकांच्या हातून मी ते जवळजवळ ओढूनच घेतलं. आईनं ते तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा मला मोठ्यानं वाचायला लावलं, स्वतःला अक्षर लागत नाही अशा बहाण्यानं. तुझं अक्षर तर छापल्यासारखं आहे!

तू लिहिलंयस ती एक गोष्ट मी इथे परत उतरवून काढते, कारण मला ती नीट कळल्याचं तुला कळावं. “भिंगरे, लोकांनी खोटारडा म्हटलं त्याचं दुःख वर्षभरात ओसरलं. पण दुसरं एक शिल्लक राहिलं. इतके जण म्हणतात तर आपणच बटण दाबलं असेल आणि विसरलो असू, असं मला वाटायला लागलं. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, दहादा परत जाऊन बघायचो. तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवशी कुलूप लावलं आणि सरळ चालायला लागलो. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं की मी मागे वळून बघितलं नाही.”

मी हे वाचताना आईनं खिडकीकडे तोंड केलं होतं.

माझ्यावर रागावलास असं लिहिलंयस. “तीन दिवस भयंकर राग होता, म्हणून उत्तर लिहिलं नाही. चौथ्या दिवशी कमी झाला, पण पूर्ण गेला असं म्हणणार नाही.” बरं केलंस लिहिलंस ते. एकदम ‘जाऊ दे’ म्हणाला असतास तर मला विश्वास बसला नसता. उरलेला जाईल तेव्हा जाईल, मी कुठे पळून जात नाही.

आता तुझ्या दुसऱ्या पानाबद्दल. मामा!! शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतोस, मुलं तुला घाबरत नाहीत, परीक्षानळ्या फोडतात, इथपर्यंत मी आरामात वाचत होते. आणि मग खाली एका ओळीत, हवापाण्याची बातमी द्यावी तसं, ‘तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या ग्रंथपाल बाईंशी मी लग्न केलं.’

आई किंचाळलीच. “काय केलं? काय केलं म्हणतोय तो?”

आणि त्यापुढची ओळ वाचून आम्ही दोघीही हसत सुटलो. “खरं सांगू का, तिसऱ्या वर्षापासून मी रागानं गप्प नव्हतो. मी मजेत होतो, आणि ताईला न सांगता लग्न केलं हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून गप्प होतो.” म्हणजे इकडे आम्ही तू कुठे झिजत असशील म्हणून झुरतोय, आणि तू तिकडे पुस्तकांच्या कपाटांमागे प्रेमात पडून बसलायस! मामीला माझा नमस्कार. ‘तुझी भाची एवढी पत्रं लिहिते तर उत्तर टाक, नाहीतर मी टाकते’ असं ती म्हणाली, ते वाचल्यापासून मी तिच्या पक्षात आहे.

बाईंनी तुला अधिकृत पत्र पाठवलंय, मिळेल या आठवड्यात. चौकशीचा निष्कर्ष चुकीचा होता, असं स्वच्छ लिहिलंय त्यात, आणि त्याची प्रत तुझ्या जुन्या फाइलीत लावलीय. मी स्वतः लावली. तुला पेढीत बोलावलंय, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचंय म्हणतात. तुला नको असेल तर तसं कळव. पण ये रे.

भिंगरी


मंगळवार, २३ जुलै

मामा,

तुम्ही दोघं रविवारी गेलात आणि घर एकदम मोठं झालं. तीन दिवसांत मामीनं आमचं पुस्तकांचं कपाट विषयवार लावलं, आता मला एकही पुस्तक सापडत नाहीये. सांगू नकोस तिला.

तू गेल्यानंतर जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारी पेढीत बाईंनी पत्र वाचलं, तू ऐकलंस आणि म्हणालास, “बटण मी दाबलं नव्हतं. पण घंटा थांबल्यावर आकडा बघायला जायला हवं होतं, गेलो नाही. तेवढी चूक माझी, ती माझ्या नावावर राहू द्या.” तू जिना उतरून गेलास आणि नव्या मुलींपैकी एकीनं पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं: घंटा थांबली तरी आकडा बघा. बाईंनी तो कागद वाकडा लागलाय म्हणून सरळ करून घेतला. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन विचारून गेल्या, तो तिकडे सुखी आहे ना. मी म्हटलं, इतका की सांगायची लाज वाटत होती त्याला.

सगळ्या एकवीस स्क्रिप्ट नव्या संगणकावर गेल्या. दर ऑगस्ट-सप्टेंबरला मुदत जवळ आलेल्या पिशव्यांची यादी रुसून बसायची, त्याचंही कारण सापडलं. महिना शून्य आठ असा लिहिला की संगणक ते वेगळ्याच पद्धतीचा आकडा समजायचा, आणि त्या पद्धतीत आठ आणि नऊ नसतातच! पुढचं शून्य काढायला सांगितलं. माझी प्रत्येक ओळ आता ती कागद चिकटवणारी मुलगी वाचते. काल तिनं माझी एक चूक काढली. तारेचं कनेक्शन सुटलं तर तापमानाच्या जागी काहीच येणार नाही, मग तुम्ही कशाची तुलना करणार, म्हणाली. मी खुर्चीवरून उठून तिला चहा आणून दिला.

परवा बसमध्ये बसायच्या आधी तू माझ्या पाठीत धपाटा घातलास, जरा जोरातच. मला वाटतं उरलेला राग त्यात होता. नसेल तर पुढच्या वेळी आणखी एक घाल.

आई केव्हाची मागे उभी राहून कागद मागतेय. तिला देते. तिचं झालं की मी वाचणार नाहीये, तसं वचन घेतलंय तिनं.

भिंगरी


बाळू,

तू इथे तीन दिवस होतास. मी तुला खाऊ घातलं, अंथरूण घातलं, तुझ्या सदऱ्याचं बटण लावलं, पण म्हणायचं होतं ते म्हटलं नाही. तुझी बायको समोर होती म्हणून नाही. मला जमलं नाही म्हणून.

त्या दिवशी दारात तू थांबला होतास, मला दिसलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. माझं चुकलं. याला उत्तर म्हणून ‘असू दे ताई’ असं लिहू नकोस, मला चालायचं नाही. काहीच लिहू नकोस. वाचलंस की झालं.

लग्नाला बोलावलं नाहीस याचा राग आहे. तो मी ठेवून दिलाय, आम्ही तिकडे आलो की काढीन. आम्ही दहा तारखेला येतोय. तुझ्या बायकोला विचारायचं म्हणून विचारलं, ती हो म्हणाली. तुला विचारलेलं नाही.

आणि एक. शनिवारी तिनं काहीतरी सांगितलं आणि तू डोळे मिटून, खांदे हलवत हसत सुटलास. मी दारात ताट घेऊन उभी होते. तू हसताना अगदी आपल्या वडिलांसारखा दिसतोस. पन्नास वर्षांत मला हे कधी दिसलं नव्हतं.

ताई